माल बाहेरचा, सवय इथली: चहा मुंबईत कसा रुजला

प्रश्न असा आहे: "मी जपानहून माचा, म्हणजे हिरव्या चहाची बारीक पूड, आणून मुंबईत विकायचा विचार करतोय. चहासुद्धा एकेकाळी आपल्याकडे परकाच होता, इंग्रजांनी जाहिराती करकरून तो लोकांच्या गळी उतरवला. मग आज पुरेसा पैसा ओतला तर कुठलीही परदेशी वस्तू इथे रुजेल का? आणि चहा नेमका रुजला तरी कसा?"

चहाचं मिश्रण करून विकणं हा माझा धंदा. तोही मशीद बंदरच्या घाऊक बाजारात, त्यामुळे टपरीवाला, उडप्याच्या हॉटेलचा मॅनेजर आणि महिन्याचा अर्धा किलो नेणारी गृहिणी, अशी सगळी गिऱ्हाइकं रोज समोर असतात. या मालाचा इतिहासही मी आवडीने वाचत आलोय. त्या दोन्हींच्या जोरावर सांगतो की जाहिरातीने चहा दारापर्यंत आला, पण घरात शिरला तो लोकांनी विकणाऱ्याने सांगितलेली कृती मोडून त्याला आपल्या सोयीचा करून घेतला तेव्हा. अशी मोडतोड ज्या वस्तूत चालत नाही, ती कितीही उत्तम असली तरी हौसेपुरतीच राहते.

मुंबईची आणि चहाची गाठ जुनी आहे, पण ती पिण्यातून पडलेली नाही. १६६१ च्या ज्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई बेट इंग्लंडच्या राजाला आंदण दिलं, त्यातली नवरी म्हणजे कॅथरीन ऑफ ब्रगांझा. माहेरी चहाची सवय होती, ती तिने लंडनच्या राजवाड्यात नेली आणि तिथल्या उमराव घराण्यांत चहाला प्रतिष्ठा आली. इकडे आपल्या किनाऱ्यावरही चहा तेव्हा अगदीच अनोळखी नव्हता. १६८९ मध्ये सुरतेला आलेल्या ओव्हिंग्टन नावाच्या इंग्रज पाद्र्याने नोंदवून ठेवलंय की तिथले बनिये चहात गरम मसाले घालतात आणि डोकेदुखीवर, मुतखड्यावर, पोटातल्या कळांवर तो घेतात, कधी खडीसाखरेबरोबर तर कधी मुरवलेल्या लिंबाबरोबर.

ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते. चहा पोचला होता, मसालाही पडला होता, आणि तरीही पुढची दोनशे वर्षं तो रुजला नाही. चीनहून येणारा तो महाग माल होता आणि त्याची जागा औषधाच्या फडताळात होती. आजारी पडल्यावर जे घ्यायचं, त्याची रोजची सवय लागत नाही. माचा "आरोग्यासाठी" म्हणून विकायचा तुमचा बेत असेल तर या सुरतेच्या बनियांना आधी आठवा.

एकोणिसाव्या शतकात मुंबईला चहाने पैसा दिला, तोही न पिता. इंग्रजांना चीनचा चहा हवा होता, चीनला त्या बदल्यात चांदी हवी होती, आणि चांदी वाचवायला अफू पाठवली गेली. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनमधल्या कँटनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांची संपत्ती या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातून उभी राहिली, आणि शहरातली रुग्णालयं आणि शाळा त्याच संपत्तीतून. चिनी रेशमी भरतकामाची गारा साडी पारशी घरांत आली ती याच जहाजांमधून. चहाच्या पेट्या मात्र चीनहून थेट लंडनला जात.

आसामात सिंगफो लोकांना चहाचं झाड आधीपासून माहीत होतं. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या इंग्रजांच्या माणसाला त्यांच्या सरदाराकडून ते समजलं, १८३४ मध्ये कंपनी सरकारने त्यासाठी समिती नेमली, आणि १८३९ च्या सुरुवातीला आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनला झाला. १८६१ पासून कलकत्त्यालाही लिलाव सुरू झाले. पण हा सगळा माल निर्यातीचा होता. आपल्याच देशात पिकणारी वस्तू आपल्याला परकी, अशी अवस्था पुढे पाऊण शतक चालली.

चहा पाजायची मोहीम सुरू झाली ती मळेवाल्यांच्या गरजेतून. १९०३ मध्ये चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशातून प्रचार होऊ लागला, आधी मुख्यतः परदेशात. पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत, गिरण्यांत, खाणींत चहाच्या सुट्टीची कल्पना रेटली गेली. मग जागतिक मंदी आली, भाव कोसळले, आणि १९३३ मध्ये भारत, सिलोन आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) यांच्यात निर्यात आवळण्याचा करार झाला. परदेशाचं दार अर्धं बंद झालं तेव्हा मळेवाल्यांना घरचं गिऱ्हाईक आठवलं. १९३७ पासून बाजारपेठ विस्तारासाठी खास मंडळ काम करू लागलं. गावोगावी चहाच्या गाड्या फिरल्या, बाजारात फुकट कप वाटले गेले, देशी भाषांतून भित्तिपत्रकं लागली. ब्रुक बाँडसारख्या कंपन्यांनी एका पैशाला मिळणारी पुडी काढली. माझ्या मते त्या सगळ्या मोहिमेतली सर्वांत परिणामकारक गोष्ट ही पुडीच. ज्याला रोजचा पगार रोज मिळतो तो पावशेर चहा कसा घेणार? पैशाची पुडी तो घेऊ शकत होता. आजची कटिंगही त्याच हिशेबातली आहे. अर्धा ग्लास, अर्ध्याच्या आसपास किंमत, आणि दिवसातून चारदा परवडतो.

भित्तिपत्रकांवर कृती छापलेली असे. किटली आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती घाला, ताजं उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर मागाहून. मुंबईतल्या किती स्वयंपाकघरांत आज ही कृती चालते? आपण पत्ती पाण्यात खळखळून उकळली, दूध त्यातच ओतलं, साखर सढळ हाताने टाकली, वर आलं-वेलची. मसाला आणि दूध वाढलं की पत्ती कमी लागते, म्हणून चहाच्या प्रचारकांना ही पद्धत मुळीच पसंत नव्हती. लोकांनी त्यांचं ऐकलं नाही, आणि चहा टिकला. गावाकडे साखर महाग होती तेव्हा गूळ टाकला. गुळाने दूध फाटतं, म्हणून चहा खाली उतरवून मग दूध घालायची युक्ती बायकांनी शोधून काढली. दूध नसेल तर कोरा. शेळीचं असेल तर शेळीचं.

आता याची दुसरी बाजू, जी बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. लोकांनी कृती बदलली, त्यापाठोपाठ मालालाच बदलावं लागलं. मुंबईचं दूध बहुतकरून म्हशीचं. त्यात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो आणि दुधातली प्रथिनं चहातल्या टॅनिनला धरून ठेवतात, त्यामुळे नाजूक चहाची चव त्यात बुडून जाते. चहा चाखायची आंतरराष्ट्रीय पद्धत म्हणजे १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती आणि ६ मिनिटं. त्या पांढऱ्या कपात जो चहा सुरेख लागतो तो मी घेतोच असं नाही. तीच पत्ती पातेल्यात म्हशीच्या दुधात उकळून बघितल्याशिवाय मी सौदा करत नाही. फुलासारखा वास असलेला दार्जिलिंग या परीक्षेत पार हरवतो. आसामचा दुसऱ्या बहराचा, जून महिन्यातला दाणेदार चहा दुधातून वर येतो, रंग तांबूस ठेवतो आणि जिभेच्या कडांना पकडतो. त्यात उत्तर बंगालातल्या डुआर्सचा थोडा घट्टपणासाठी, आणि हॉटेलवाल्याला झटपट रंग हवा म्हणून दक्षिणेकडची बारीक डस्ट. दुकानाच्या पाटीवर "फॅमिली मिक्स्चर" आणि "हॉटेल मिक्स्चर" असं वेगळं लिहिलेलं असतं त्याचं कारण हे. घरचा चहा एकदाच उकळतो, म्हणून त्याला मोठा दाणा आणि वास. हॉटेलातलं पातेलं दिवसभर चुलीवर, म्हणून त्याला बारीक पत्ती आणि कडकपणा.

दाणेदार चहाचं यंत्र १९३० च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी बनवलं. पान दातेरी रुळांमधून चिरडायचं, फाडायचं आणि वळवायचं. यालाच सीटीसी म्हणतात आणि आपल्या बाजारात ममरी. कमी पत्तीत जास्त कप, गडद रंग आणि दुधाला टक्कर देणारी चव. स्वातंत्र्यानंतर घरचं गिऱ्हाईक वाढत गेलं तसा कारखान्यांचा ओढा सीटीसीकडे गेला, आणि आज देशातला नव्वद टक्क्यांच्या आसपास चहा याच पद्धतीचा आहे. एके काळी जवळजवळ सगळा बाहेर जाणारा चहा आता सुमारे ऐंशी टक्के देशातच प्यायला जातो. टपरीवर आलं-दुधात उकळलेल्या पातेल्याने आसामातले कारखाने बदलले, एवढी या सवयीची ताकद आहे.

टपरीवाला माझ्याकडे माल बघायला येतो तेव्हा कपात चाखत नाही. चिमूटभर पत्ती तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळतो, किती भुकटी पडते ते बघतो, मुठीत फुंकर मारून वास घेतो. मग विचारतो, "दुसऱ्या आधणाला रंग धरते का?" त्याचा सगळा नफा त्या दुसऱ्या आधणात असतो. पाणीही तो विचारात घेतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचं मऊ पाणी येतं, त्यात रंग लख्ख उतरतो. उपनगरापलीकडे जिथे बोअरवेलचं जड पाणी आहे तिथे तेच मिश्रण काळपट दिसतं आणि वर तवंग धरतं, म्हणून तिकडच्या गिऱ्हाइकाला मी वेगळं मिश्रण देतो.

चहाला सुरुवातीपासून विरोधही काही थोडा झाला नाही. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमधल्या सभेनंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे हजर होते. नावं वर्तमानपत्रात छापून आली, गोष्ट शंकराचार्यांपर्यंत गेली आणि प्रायश्चित्तं घ्यावी लागली. यात पत्तीला कोणी दोष दिला नव्हता. बाट होता मिशनऱ्याच्या हातच्या पाण्याचा. पुढे गांधीजींनी आरोग्याच्या कारणाने चहाला विरोध केला. आणि गावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळ्या कपबश्या ठेवण्याची लाजिरवाणी रीत तर कितीतरी वर्षं चालली. चहा आपोआप समता घेऊन आला असं कोणी म्हणालं तर ते खोटं आहे.

मुंबईत ही गाठ सैल केली ती इराण्यांनी. यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या या झरथुष्ट्री मंडळींनी नाक्यानाक्यावर हॉटेलं टाकली. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानून टाळत, ती इराण्यांनी घेतली असं सांगतात. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून मस्का आणि चहा. इराण्याकडे पैसे देणाऱ्याला बसायला जागा मिळे, जातीची चौकशी होत नसे. लालबाग-परळच्या गिरणीतून पाळी संपवून बाहेर पडलेला कोकणी किंवा घाटावरचा माणूस, ज्याची बायको-मुलं गावी आणि खोलीत दहा जण, त्याला बसायला दुसरी जागा कुठे होती?

इथे मी रिकाम्या जागेचा मुद्दा मांडतो. चहाने कुठल्याही जेवणाला हटवलं नाही. पूर्वी पाहुणा आला की गूळपाणी देत, निघताना पानसुपारी. या दोन्हींच्या मधली जागा चहाने घेतली. तो गरम, स्वस्त, आणि बनेपर्यंत दहा मिनिटं बोलायला मिळतात. शिवाय जेवणाइतकी बांधीलकी नाही. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते, ही रीत आपल्याला कधीपासूनची वाटते, पण तिचं वय फार नाही.

परदेशी माल किती खोल रुजतो हे बघायचं असेल तर उपवासाचं ताट बघा. साबुदाणा ज्या कसावाच्या कंदापासून बनतो तो दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला. हिरवी मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांबरोबर आलेली, त्याआधी आपलं तिखट म्हणजे मिरी. रताळंही तिकडचंच. आषाढी एकादशीला आपण श्रद्धेने जे खातो त्यात जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर जवळजवळ सगळं समुद्रापलीकडून आलेलं आहे, आणि वर चहा चालतो. मला याचं कारण असं दिसतं की उपवासाला निषिद्ध होतं ते धान्य: तांदूळ, गहू, डाळी. नवा आलेला कंद किंवा दाणा निषिद्धांच्या यादीत नव्हता, कारण यादी झाली तेव्हा तो इथे नव्हताच. धार्मिक माणसाने परका माल नाकारला नाही, उलट त्याच्यासाठी सर्वांत पवित्र दिवस मोकळा ठेवला. साबुदाण्याचं पुढचं पाऊलही लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या बाजूला तो बनू लागला, आणि तेव्हापासून महाराष्ट्राचा उपवास सेलमच्या जोरावर चालतो.

पावाचं उलट होतं. वसई-गोव्याच्या लोकस्मृतीत पाव म्हणजे बाटवण्याचं साधन, विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटलं अशा गोष्टी घरोघरी. त्याच पावात १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी वडा घातला. गाडी पकडायच्या घाईत एका हातात मावणारं, पोटभर आणि स्वस्त असं दुसरं काही नव्हतं. जुनी भीती कोणी भाषण करून घालवली नाही.

ज्या वस्तू अर्धवट रुजल्या त्याही बघा. कॉफीची लागवड आपल्या देशात चहाच्या मळ्यांआधी सुरू झाली, सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात बी लावलं अशी परंपरा आहे. मुंबईत ती माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीबरोबर आली आणि फिल्टर कॉफी म्हणून बरीचशी तिथेच राहिली. ताजी भाजा, ताजी दळा, फिल्टर लावून थांबा, आणि पावसाळी हवेत पूड लवकर मरते. चहाचा डबा कोरडा ठेवला तर सहज वर्षभर चालतो. दुसरं उदाहरण बर्फाचं. १८३० च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात भरून जहाजाने मुंबईला येत असे. श्रीमंतांच्या मेजवान्यांत त्याचं अप्रूप होतं. तो सामान्यांचा झाला तो इथे बर्फाचे कारखाने निघाल्यावर, आणि मग चौपाटीवर त्याचा गोळा झाला.

आता तुमच्या माचाकडे येतो. पैसा ओतून तुम्हाला पहिला कप विकता येईल, पण दुसरा कप त्याच्या बळावर विकला जाणार नाही. चहावर आपल्याकडे मूळ सीमाशुल्कच १०० टक्के आहे, जपानशी असलेल्या करारात तुमच्या मालाला काही सवलत बसते का हे कस्टम हाउस एजंटकडून लेखी घ्या, आणि न्हावा शेव्याला अन्नसुरक्षा तपासणीसाठी नमुने काढले जातात तेवढे दिवस माल गरम कंटेनरमध्ये पडून राहणार नाही याची सोय करा. माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानाची सूक्ष्म पूड. उजेड, उष्णता आणि दमट हवा लागली की हिरवा रंग पिवळट होतो. जुलैत मुंबईत डबा एकदा उघडला की संपलं. म्हणून डबे आणू नका, एका कपाच्या दोन-दोन ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करा.

सकाळच्या चहाशी टक्कर घेऊ नका, ती जागा भरलेली आहे. दुपारी चार-साडेचारला वातानुकूलित ऑफिसातल्या माणसाला थंड, कमी गोड असं काही हवं असतं, लोअर परळ आणि बीकेसीच्या भागात तिथून सुरुवात करा. बांबूच्या छोट्या रवीने सत्तर-ऐंशी अंशांच्या पाण्यात घुसळायची कृती पुडीवर छापायची तर छापा, पण गिऱ्हाईक ती पूड ताकात घालो, आमरसात घालो की श्रीखंडात, त्याला अडवू नका. कोण कशात घालतंय ते लिहून ठेवा आणि पुढची मागणी त्यावरून ठरवा. आणि वर्षभरात जम बसला तर जपानवर अवलंबून राहू नका. आसाम, कांगडा, निलगिरीत हिरवा चहा बनतोच. वाफवून सुकवलेलं पान बारीक दळून देणारा कारखाना तिथे मिळतो का, याची चौकशी आत्तापासून सुरू करा. तो अस्सल जपानी माचा नसेल आणि तसं नावही लावू नका, पण किंमत निम्म्यावर आली तर तुमची पुडी लालबागच्या दुकानातही ठेवता येईल.